डोळ्यात धूळ

खात्रीरावांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. बाकी सगळ्या वसाहतीत ते खात्रीराव. दूधवाला येऊन गेला म्हणावं, तर "खात्री केलीस?" पाऊस पडतोय म्हणावं, तर "खात्री आहे? वरच्या मजल्यावरचे कुंड्यांना पाणी घालत असतील." दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. उभी हयात वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून गेलेली. दुकानदार तोंड भरून "या साहेब, बसा साहेब" म्हणाला की यांचा हात आपोआप तराजूच्या पारड्याखाली जायचा, आणि बहुतेक वेळा तिथे चिकटवलेलं लोहचुंबक हाताला लागायचं. अशा माणसाला निवृत्तीनंतर जगातल्या प्रत्येक पारड्याखाली काहीतरी चिकटवलंय असं वाटलं, तर नवल ते काय?

वसाहतीने त्यांना सभागृहाचं मानद सचिव केलं तेव्हा, यात काहीतरी डाव आहे, अशी शंका त्यांना पहिल्याच दिवशी आली. ती खरी होती. दुसरं कोणी तयार नव्हतं.

सभागृह म्हणजे मूळची वखार. छप्पर इतकं उंच, की खेळताना एखादं बॅडमिंटनचं फूल तिथल्या लोखंडी तुळईवर जाऊन बसलं तर ते पुढच्या पिढीलाच परत मिळायचं. एका टोकाला रंगमंच, दुसऱ्या टोकाला लाकडी सज्जा. सज्ज्यावर मोडक्या खुर्च्या, जुने पडदे आणि एक लंगडं टेबल. एक दिवस अग्निशमन खात्याचे साहेब येऊन या सगळ्याकडे मान वर करून बघत राहिले आणि मान खाली आल्यावर त्यांनी फर्मान काढलं: धुराची वर्दी देणारी यंत्रणा बसवा, आमच्याकडून ना हरकत दाखला घ्या, तोवर इथे कार्यक्रम बंद.

एरवी खात्रीराव खूश झाले असते. कार्यक्रम नाही म्हणजे खुर्च्या मोजायला नकोत आणि मोजल्यावर कमी भरायलाही नकोत. पण त्या महिन्यातला कार्यक्रम त्यांच्या बायकोचा होता.

काकूंनी, म्हणजे खात्रीरावांच्या पत्नीने, वसाहतीतल्या निम्म्या पोरींना गाणं शिकवलं होतं. शिष्या रंगमंचावर गायच्या आणि काकू पडद्यामागे उभं राहून बोटांवर ताल धरायच्या. स्वतःचा कार्यक्रम त्यांनी दोनदा ठरवला होता. एकदा सासूबाई आजारी पडल्या, एकदा लेकीचं बाळंतपण आलं. आता पुन्हा ठरला होता: शब्द त्यांचे, चाली त्यांच्या आणि आवाजही त्यांचाच. "हा तिसरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "आता राहिला तर मग राहिलाच. या वयात आवाज थांबत नाही कोणासाठी." त्या हे रागाने म्हणाल्या नव्हत्या, म्हणून खात्रीरावांना जास्त लागलं होतं.

गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. काकू एकदा स्वयंपाक करता करता नवीन गाणं म्हणत होत्या: 'दार लोटले होते मी, कडी लावली नव्हती...'

"का?" खात्रीराव पेपरातून डोकं वर काढून म्हणाले.

"काय का?"

"कडी का लावली नव्हती? उद्या चोरी झाली तर पोलिसांना काय, चाल लावून सांगणार?"

काकूंनी गाणं तिथेच थांबवलं. त्या दिवशी चहात साखर नव्हती. खात्रीरावांनी तिच्या नसण्याची दोन घोट पिऊन खात्री केली आणि उरलेला चहा गुपचूप संपवला.

तर यंत्रणा बसवणं भाग होतं. त्यासाठी जो गृहस्थ आला तो स्वतःला इंजिनिअर म्हणवायचा, वसाहत त्याला धूरवाला म्हणायची. एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात फोन, आणि बोलणं कोणाशी चाललंय ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

"काका, छताला त्या वाट्यांसारख्या डब्या लावतात ना, त्यांचा इथे उपयोग नाही," तो म्हणाला. "एवढ्या उंचीवर धूर जाता जाता गार होतो, पसरतो, मधेच लोंबकळत राहतो. डबीला कळेपर्यंत खाली कोळसा. आपण डोळा लावू."

"कोणावर?" खात्रीरावांनी सावधपणे विचारलं.

"भिंतीवर हो. सज्ज्याच्या वरच्या भिंतीवर डोळा. तो किरण सोडणार. समोर रंगमंचाच्या वर चकाकणारी चकती. किरण तिच्यावर आपटून परत डोळ्यात. मधे धूर आला की किरण मंदावला. किरण मंदावला की भोंगा."

"किरण दाखवा."

"तो दिसत नाही, काका."

खात्रीरावांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या खात्यात न दिसणाऱ्या वजनाला एकच शब्द होता. खोट."

पण अग्निशमनच्या साहेबांनाही डोळाच हवा होता, त्यामुळे तो बसला. न दिसणाऱ्या किरणाची बातमी मात्र सगळ्यांना दिसल्यासारखी पसरली. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी ऐकलं होतं की तो कपड्यांतून आरपार बघतो, आणि हे खरं असेल तर आपल्या शिलाईतल्या चुकाही बघेल, ही त्यांची मुख्य चिंता होती. निवृत्त प्राध्यापक भेटेल त्याला सांगत होते की असा किरण डोक्यावरून गेला की स्मरणशक्ती जाते. प्रत्येकाला त्यांनी हे दोनदा सांगितलं. आणि खात्रीरावांचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, बालपणापासूनचे मित्र आणि सभागृहाचे उपाध्यक्ष सूचनाकाका म्हणाले, "माझी एक नम्र सूचना आहे. डोळा नको, नाक ठेवा. एखादा माणूस खुर्ची टाकून हुंगत बसेल." सूचनाकाकांच्या सगळ्या सूचना नम्र असत आणि त्यातली एकही आजवर कोणी ऐकली नव्हती. तरी माणूस कधी रागावला नाही. हेच खात्रीरावांना अलीकडे संशयास्पद वाटू लागलं होतं.

जाताना धूरवाल्याने दाराजवळची पेटी दाखवली. "हिरवा दिवा म्हणजे सगळं छान. काही गडबड झाली तर हे बटण दाबा. डोळा आपण होऊन इकडे तिकडे बघतो, चकाकी सापडली की तिथे नजर लावून बसतो. फक्त एक लक्षात ठेवा काका, डोळ्यासमोर कधीही..." एवढ्यात फोन वाजला. धूरवाला "हां बोला, पोचतोच" म्हणत बाहेर पडला आणि ते 'कधीही' तसंच हवेत राहिलं.

मग दाखल्याचा अर्ज. खात्यातल्या कारकुनाने कागद चाळले. "डोळ्याचा फोटो आहे, चकतीचा फोटो आहे. किरणाचा कुठाय?"

"अदृश्य आहे तो."

"अहो, अदृश्य असेना. फोटो लागतो."

खात्रीरावांना पहिल्यांदा कोणीतरी आपल्या जातकुळीचा भेटल्यासारखं वाटलं, पण वेळ वाईट होती. त्यांनी परत येऊन सभागृहातल्या रिकाम्या हवेचा फोटो काढला आणि खाली 'किरण' असं लिहून जोडला. तो परत आला. शेरा होता: 'किरण स्पष्ट नाही.' त्यांनी जास्त उजेडात हवेचा दुसरा फोटो काढला. तो मंजूर झाला. तपासणीची तारीख मात्र पडली ती नेमकी कार्यक्रमाच्या दिवशी, शनिवारी सकाळची. दाखला मिळाला तर संध्याकाळी गाणं, नाही तर नाही.

आणि तालीम सुरू झाली त्याच दिवशी भोंगा वाजला.

काकू आलाप घेत होत्या. आलाप वर चढला आणि त्याच्याही वर भोंगा. सगळी वसाहत मैदानात. शिंपीणबाई अर्धा शिवलेला झगा घेऊन, प्राध्यापक दोनदा बाहेर आले. आग कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. काकूंच्या गाण्यावरच भोंगा वाजतो, असं पोरं म्हणायला लागली. काकू हसल्या, पण त्यांचं हसू ओठांवरच थांबलं, हे खात्रीरावांनी पाहिलं.

त्यांनी धूरवाल्याला बोलावलं. तो शिडीवर चढला, डोळ्याची काच पुसली, बोट वर करून दाखवलं आणि एका कानाला फोन लावलेला असतानाच म्हणाला, "काका, सरळ आहे. कोणीतरी तुमच्या डोळ्यात धूळ फेकतंय."

यानंतर तो बरंच काही बोलला, पण खात्रीरावांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांच्या मनात कधीपासून हेच होतं! कोणीतरी आपल्या डोळ्यात धूळ फेकतंय. आता तर तज्ज्ञानेच सांगितलं. कोण असेल? कोणाला दाखला नको आहे? कोणाला सचिवाची फजिती हवी आहे? धूरवाला बिचारा काचेवरची भुकटी दाखवत होता, आणि खात्रीरावांच्या डोळ्यांपुढून वसाहतीतला एकेक चेहरा सरकत होता.

सज्ज्याच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्याकडे, एक उपाध्यक्षांकडे.

दुपारी त्यांनी सूचनाकाकांना जिन्यात गाठलं. सूचनाकाकांच्या भुवयांवर, बाह्यांवर, कानाच्या पाळीवरसुद्धा बारीक पिवळट भुकटी.

"हे काय?"

"कुठे काय?" सूचनाकाकांनी घाईघाईने बाही झटकली. "हवेत धूळ फार झाली आहे, बाबा. माझी एक नम्र सूचना आहे, खिडक्या लावत जा."

धूळ! स्वतःच्या तोंडाने म्हणाला. तीस वर्षं तराजूवाल्यांच्या तोंडाकडे बघितलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. पण खरा धक्का पुढेच होता. संध्याकाळी खात्रीराव गॅलरीत वाळत घातलेले कपडे मोजत असताना मागच्या जिन्यातून कुजबुज ऐकू आली. एक आवाज सूचनाकाकांचा, दुसरा त्यांच्या स्वतःच्या बायकोचा.

"वहिनी, त्याला अजून काही कळलं नाही ना?"

"नाही हो. कळलं तर संपलंच सगळं. शनिवारपर्यंत तोंड मिटून ठेवा."

"एक पाय मात्र डुगडुगतोय. कापावा लागेल थोडा."

"कापा की. पण यांच्यासमोर नको."

खात्रीरावांनी आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं. दोन्ही ठीक दिसत होते. त्यांनी गॅलरीच्या कठड्याला धरलं. बायको आणि मित्र, आणि पाय कापण्याची भाषा! पदावरून खाली खेचायला पाय कापतात, एवढं त्यांना नक्की कळत होतं. काकूंच्या मनात त्यांच्याविषयी राग असेल, साखरेवरून तेवढं दिसलं होतं. पण इतका? रात्री जेवताना त्यांनी वरण आधी काकूंना वाढलं आणि त्या जेवायला लागल्यावर मगच स्वतः घेतलं. काकूंना वाटलं, नवरा सुधारला.

धूळ फेकणाऱ्याला पकडायचं तर उघड भांडून चालणार नव्हतं, पुरावा हवा होता. निदान त्याला धाक तरी हवा. खात्रीरावांनी एक पाटी करायची ठरवली. साधी नाही. रस्त्यावरच्या वळणांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे ते गेले. गाडीचा दिवा पडला की लखलखणारा जो कागद असतो, तो पाटीच्या दोन्ही बाजूंना लावून घेतला, कारण गुन्हेगार कोणत्या बाजूने येईल ते सांगता येत नाही. वर ठळक काळी अक्षरं:

'खबरदार! किरणाच्या वाटेत कोणीही, काहीही आणू नये. हुकुमावरून, मानद सचिव.'

रखवालदाराला शिडीवर चढवून त्यांनी ती पाटी तुळईला टांगली. नेमकी डोळ्याच्या उंचीवर, अगदी त्याच्या नाकासमोर म्हणा ना, म्हणजे धूळ फेकायला हात वर केला की अक्षरंच समोर यावीत. दोऱ्यांच्या गाठींवर खात्यातून आठवण म्हणून आणलेल्या चिमट्याने शिशाचं सील मारलं. कोणी हात लावला तर लगेच कळावं.

पाटी लटकली आणि दाराजवळची पेटी किणकिण वाजू लागली. खात्रीरावांनी शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं. वर डोळ्याने बारीक घरघर करत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तो थांबला. हिरवा दिवा. सगळं छान.

त्यानंतर भोंगा वाजलाच नाही. काकूंनी आलाप घेतले, ताना घेतल्या, शिंपीणबाईंनी त्यांच्या साथीने गळा साफ केला, पण भोंगा गप्प. सूचनाकाकांच्या भुवया रोज पिवळ्याच असत, तरीही गप्प. खात्रीराव समजायचं ते समजले. चोराच्या मनात चांदणं! हत्यार आहे, पण पाटीसमोर हात उचलायची छाती नाही. वसाहतीत त्यांचा भाव वधारला. प्राध्यापकांनी त्यांचं दोनदा अभिनंदन केलं. "नुसत्या पाटीने?" लोक विचारत. "माणसाच्या मनात धाक हवा," खात्रीराव म्हणत आणि चष्म्यावरून उपाध्यक्षांकडे पाहत. उपाध्यक्ष हसत. काय निर्ढावलेला माणूस, खात्रीरावांना वाटे.

शनिवार उजाडला. अग्निशमनचे साहेब आले, सोबत त्यांचं धूर सोडणारं यंत्र. साहेबांना सर्दी झाली होती आणि ते आल्या आल्या म्हणाले, "सचिवसाहेब, मला लवकर मोकळं करा." धूरवालाही आला, फोनवर बोलत. काकू रंगमंचावर खुर्च्या लावत होत्या. संध्याकाळचं नेसायचं लुगडं त्यांनी सकाळीच इस्त्री करून ठेवलं होतं, हे खात्रीरावांना ठाऊक होतं.

"हा धूर प्रमाणित आहे का?" खात्रीरावांनी यंत्राला वाकून पाहिलं.

"धूर आहे," साहेब शिंकून म्हणाले, आणि त्यांनी कळ दाबली.

धूर निघाला. वर गेला. पेटीवर हिरवा दिवा. धूर दाटला, सज्जा पुसट झाला, मग रंगमंचच दिसेना. त्यातून काकूंचा खोकला ऐकू आला. हिरवा दिवा. साहेबांनी आणखी सोडला. आता साहेबच दिसेनात. हिरवा दिवा मात्र ठसठशीत, सगळं छान.

"तुमचा डोळा झोपलाय का हो?" धुरातून साहेबांचा आवाज आला.

"तुमच्या धुरात भेसळ असेल," खात्रीराव म्हणाले. सवयीने म्हणाले, पण म्हणाले.

 मग साहेबांनी विजेरी काढली आणि उजेड वर फेकला. सगळीकडे नुसता करडा धूर. आणि त्या धुरात, अगदी उंचावर, एकच गोष्ट लखलखली. साहेबांनी डोळे बारीक करून मोठ्याने वाचलं:

"खबरदार. किरणाच्या वाटेत कोणीही, काहीही आणू नये." ते थांबले. "आणि मग हे वाटेत काय आहे?"

"पाटी," रखवालदार म्हणाला.

"कोणी लावली?"

"तेसुद्धा लिहिलंय साहेब. खाली वाचा."

साहेबांनी खालचंही वाचलं.

धूरवाला तोवर सज्ज्यावरून खोकत खाली आला होता. "काका! डोळ्याला चकाकी हवी असते. तुम्ही त्याच्या नाकासमोर एवढा आरसा टांगलात, तो तेवढंच बघत बसला. पलीकडे काय चाललंय याचं त्याला काय? हॉल जळून गेला असता तरी त्याला सगळं छान! सांगितलं होतं ना मी, डोळ्यासमोर कधीही चकाकणारं..." आणि फोन वाजला.

खात्रीरावांचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे त्यांना प्रथमच कळलं. आणि माणूस बुडायला लागला की दुसऱ्याचा पाय धरतो. त्यांनी दारातून आत येणाऱ्या सूचनाकाकांकडे बोट केलं.

"पाटी का लावली ते याला विचारा! डोळ्यात धूळ हा फेकत होता. माझ्या पायावर उठलेत, हा आणि..." इथे त्यांची नजर काकूंवर गेली आणि वाक्य तुटलं.

सूचनाकाका बाहेर गेले. परत आले ते पाठीवर एक बुटकं लाकडी बसकं घेऊन. गुळगुळीत घासलेलं, कडा गोल केलेल्या. त्यांनी ते रंगमंचावर ठेवलं. "वहिनींचे गुडघे दुखतात. मांडी घालून तास दोन तास बसणार कशा? सज्ज्यावर ते लंगडं टेबल पडलं होतं, त्याचं केलं. घासत होतो तिथे रोज, तालमीच्या वेळी, म्हणजे आवाज गाण्यात बुडेल. धूळ वर जात असेल, माझ्या डोक्यात नाही आलं बाबा. एक पाय डुगडुगत होता, तोही कापला."

"मग मला का नाही सांगितलं?" खात्रीरावांनी विचारलं.

"मी नको म्हटलं," काकू म्हणाल्या. धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते, पण तेवढ्यानेच नव्हे. "तुम्ही प्रत्येक खिळ्याची खात्री केली असतीत आणि कार्यक्रम पुढच्या वर्षावर गेला असता. आयुष्यभर तुम्ही पारड्याखाली वाईटच शोधलंत, सापडत गेलं, मी कधी बोलले नाही. पण कोणी चोरून काही चांगलं केलं तर तेही तुम्हाला चोरीच वाटावं? आता तिसऱ्यांदा राहिलं माझं. या वेळी ना सासूबाई आजारी, ना लेक. या वेळी तुम्ही."

खात्रीरावांना लाज वाटली. अशी लाज, की नोकरीत पकडलेल्या एकाही दुकानदाराच्या तोंडावर त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी कोणालाही न सांगता शिडी लावली, स्वतः चढले आणि आपणच मारलेलं सील दातांनी तोडलं. पाटी खाली पडली. खिडक्या उघडल्या, धूर गेला, बटण दाबलं. डोळ्याने पुन्हा इकडे तिकडे पाहिलं आणि या वेळी पार लांबवर, रंगमंचावरच्या चकतीला नजर लावली. हिरवा दिवा.

"आता पुन्हा तपासा, साहेब," खात्रीराव हात जोडून म्हणाले. आयुष्यात त्यांनी कुठल्या अधिकाऱ्याला हात जोडले नव्हते.

"कशाने? धूर संपला सगळा. तुमच्याच डोळ्यावर." साहेबांनी यंत्र हलवून रिकामं दाखवलं. "पुढच्या महिन्यात बघू."

काकू खुर्च्या उचलू लागल्या. एकावर एक, आवाज न करता.

"माझी एक नम्र सूचना आहे," सूचनाकाका म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही. "धूर नसेल तर धूळ आहे की! इतके दिवस फेकत होतोच. सज्ज्यावर भुशाचं पोतं आहे."

"धूळ चालत नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे... नियमात काय आहे बरं?" त्यांनी नाक पुसत आठवलं. "'किरण मंदावताच भोंगा वाजला पाहिजे.' कशाने मंदावताच, ते लिहिलेलं नाही." त्यांनी खुर्च्या उचलणाऱ्या काकूंकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे. "करा. पण लवकर."

सूचनाकाका या वयात ज्या चपळाईने सज्ज्यावर गेले ते पाहण्यासारखं होतं. पोतं उघडून ते कठड्याशी उभे राहिले आणि मित्राकडे बघत थांबले. परवानगीशिवाय नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"फेक!" खात्रीराव खालून ओरडले. "फेक रे बाबा डोळ्यात धूळ! मूठमूठ फेक!"

भुशाचा ढग उठला आणि भोंगा असा वाजला, की बाहेर सगळी वसाहत जमली आणि प्राध्यापक दोनदा बाहेर आले. साहेबांनी कानांवर हात ठेवूनच दाखल्यावर सही केली, ती जरा तिरकी आली. सूचनाकाका नखशिखांत पिवळे होऊन खाली उतरले. खात्रीरावांनी त्यांच्या भुवया आपल्या रुमालाने पुसल्या. माफी मागायला तोंड उघडलं, पण सूचनाकाकाच म्हणाले, "माझी एक नम्र सूचना आहे. काही बोलू नकोस." एकाच दिवसात कोणीतरी ऐकलेली ही त्यांची दुसरी सूचना.

संध्याकाळी सभागृह भरलं. काकू बसक्यावर ताठ बसल्या, इस्त्री केलेल्या लुगड्यात, आणि गायल्या. खात्रीराव शेवटच्या रांगेत होते. सवयीने त्यांनी डोळ्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, खुर्च्या मोजायला घेतल्या. मोजता मोजता ते गाणं आलं. 'दार लोटले होते मी, कडी लावली नव्हती.' आणि स्वयंपाकघरात जे कळलं नव्हतं ते एवढ्या लोकांत कळलं. ती विसरली नव्हती. कोणीतरी यायचं होतं म्हणून कडी काढून ठेवली होती. ते कोणीतरी इतकी वर्षं त्याच घरात, पेपराच्या मागे बसलं होतं. खात्रीरावांची मोजणी चुकली. त्यांनी डोळे मिटले आणि शेवटच्या टाळीपर्यंत उघडले नाहीत.

लोक पांगल्यावर दोघं फाटकातून बाहेर पडली. काकू आनंदात होत्या, पण चार पावलांवर थांबल्या.

"झोपला होतात ना?"

"कोण, मी?"

"मी वरून बघत होते. डोळे मिटलेले होते तुमचे. सरळ दिसत होतं."

"अगं, ऐकत होतो."

"खात्री आहे?" काकू म्हणाल्या.

 जन्मभर लोकांकडे पुरावा मागितलेल्या माणसाकडे स्वतःचा एकही पुरावा नव्हता.

"मग सांगा, कडीच्या गाण्यात पुढे काय होतं?"

खात्रीरावांनी रस्त्यावर कोणी नाही याची खात्री केली नाही. तिथेच उभं राहून, गळ्याच्या शिरा ताणून त्यांनी गायला सुरुवात केली:

"पाऊल वाटले तुझे, वारा होता तो नुसता... दार लोटले होते मी, कडी लावली नव्हती..."

शब्द सगळे बरोबर होते. सूर एकही नव्हता. शेवटच्या ओळीवर त्यांनी आवाज वर चढवला आणि सभागृहाचं दार धाडकन उघडलं. रखवालदार किल्ल्यांचा जुडगा सावरत धावत आला.

"साहेब! भोंगा वाजला का?"

काकूंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावूनही आवरेना.

"नाही हो, काही नाही," त्या म्हणाल्या. "माझी खात्री पटली."